कानाला लागलेला हात

पोर सहा वर्षांचं झालं का नाही, हे आमच्या वस्तीवरच्या शाळेत कानाला विचारायचे. उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली की पोर पहिलीत, नाही लागली तर पुढच्या वर्षी या. जन्माचा दाखला असलेली घरं वस्तीवर दोन-तीनच. बाकीची आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. आमची पोरं जिथं जन्मली तिथं कागद-पेन घेऊन कोण बसलं होतं? म्हणून गुरुजींचा सगळा भरवसा कानावर. तारीख मात्र ते सगळ्यांना एकच लावायचे, एक जून. आमच्या वस्तीवर एक जूनला निम्म्या माणसांचा वाढदिवस असतो आणि कुणीच तो करत नाही.

आता मी त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवते. चुलीपासून दहा पावलांवर ते कपाट आहे, त्यात ते रजिस्टर आहे, आणि त्यात एका ओळीत माझ्या लेकीचं वय आहे. रोज दिसतं कपाट. रोज वाटतं, फोडावं.

लेकीला शाळेत घातलं त्या वर्षी थोरला पोरगा दुसरीत गेलता. सहा-सात वर्षं मी मेंढरांमागं फिरले होते. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं, गोदावरीच्या काठानं या मळ्यातून त्या मळ्यात, आणि मिरगाच्या तोंडावर परत यायचं. पाय गेले होते माझे. सासऱ्यांना एकदा म्हणलं, पोराच्या शाळेसाठी मला वस्तीवर ठेवा. ते म्हणाले, "एका पोरापुरती म्हातारी बास हाय. दोन असती शाळेत, तर ठिवलं असतं तुला."

हे वाक्य मी डोक्यात धरून ठेवलं. दोन असती तर.

लेक तेव्हा साडेचार वर्षांचीही नव्हती. पण हात! काय सांगू, जन्मली तेव्हापासून हात असे लांब, की माझी सासू म्हणायची ह्या पोरीला देवानं घाईत बनवली, हात दुसऱ्याचे लावले. तिचा भाऊ तिला चिडवायचा, फळीवरचा गूळ काढायला हिला बोलवा म्हणून. ती चिडायची आणि गूळ काढून आणायची.

जूनमध्ये मी तिला न्हाऊ-माखू घालून शाळेत नेलं. गुरुजींना त्या साली पट भरायचा होता, दोन पोरं कमी पडत होती आणि शाळा बंद होणार अशी हूल उठली होती. त्यांनी पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "सहा झाली का हो?"

मी काहीच बोलले नाही.

"धर गं बाळ कान," गुरुजी म्हणाले. पोरीनं हात डोक्यावरून नेला आणि नुसता लावला नाही, पलीकडचा कान मुठीत धरून ओढला. वर हसली. बाकीच्या बाया हसल्या, गुरुजी हसले, मीसुद्धा हसले. "झालं की! कान म्हणतोय सहा," असं म्हणून त्यांनी लिहायला घेतलं.

कागदावर खाली छापलेलं होतं, वरील माहिती खरी आहे, खोटी निघाल्यास मी जबाबदार राहीन. पालकाची सही. बाकीच्या बाया अंगठा देत होत्या. मी सातवी शिकलेली. मी सही केली, झोकात, खाली रेघ ओढून.

मला ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाई अडाणी होती, फसली. फसले नाही. पोर चारची आहे हे आईला ठाऊक नसतं का? मला वस्तीवर राहायचं होतं, बस.

तिचा जन्म मला घड्याळासकट आठवतो. संक्रांतीला आठ दिवस होते. नदीकाठच्या एका मळ्यात मेंढरं बसवली होती. रानाला खत मिळतं म्हणून शेतकरी आम्हाला बोलावतात, रानात रातभर कळप बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. दुपारी कळा सुरू झाल्या. मळ्याच्या मालकीणकाकू धावत आल्या. त्यांची सूनही चारच दिवसांपूर्वी अंबाजोगाईच्या दवाखान्यात बाळंत झालती, तिलाही मुलगीच. काकूंनी एकाच पातेल्यात पाणी तापवलं आणि पुढं पंधरा दिवस दोन्ही पोरींना त्याच पाण्यानं न्हाऊ घातलं. त्यांच्या नातीला दवाखान्याचा दाखला मिळाला, शिक्क्यासकट. माझ्या पोरीला काकूंनी झबलं दिलं. ते झबलं अजून माझ्या पेटीत आहे. पण झबल्यावर तारीख नसते.

शाळेत ती सगळ्यांत लहान, पण बाकावर बसली की कुणाला कळायचं नाही. सहावीपासून ती सिरसाळ्याच्या मोठ्या शाळेत जायला लागली. तिथल्या खेळाच्या सरांनी एक दिवस मधल्या सुट्टीत तिला पोरांशी कबड्डी खेळताना बघितलं. ही चढाईला गेली की दोन पावलं अलीकडंच थांबायची, पुढच्याला वाटायचं लांब आहे, आणि तेवढ्यात हात पोचायचा. गडी बाद. कुणाला शिवली हे त्या गड्यालाच उशिरा कळायचं.

सर वस्तीवर आले, स्वतःच्या गाडीवर, धुरळ्यानं लालेलाल होऊन. सासरे बाजेवर बसले होते. सर म्हणाले, "बाबा, मी वीस वर्षं पोरं खेळवतोय. असा हात न्हाई बघितला."

"हात चांगला हाय तर खुरपायला कामाला यील," सासरे म्हणाले.

सर हसले, पण उठले नाहीत. चहा पिऊन पुन्हा सांगायला लागले. पुण्याकडं पोरींचं एक क्रीडा वसतिगृह आहे. राहणं, जेवण, शाळा, खेळ, सगळं सरकारचं. तिथं पोचली की बारावीपर्यंत बघायला नको, पुढं नोकरीतही खेळाडूंचा कोटा असतो. आठवीला निवड होते, बीडला. सासऱ्यांनी बराच वेळ तंबाखू मळली.

"बघा मास्तर," ते म्हणाले, "निवड झाली तर जाऊ द्या. मी आडवा येनार न्हाई. पर न्हाई झाली, तर मंग दहावी-बारावी, जे काय व्हायचं ते हितंच, आन् पुढचं मी बघनार. पुन्यांदा माझ्या दारात हा इषय काढायचा न्हाई."

"पुढचं" म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती. माझ्या मोठ्या पुतणीचं पुढचं त्यांनीच बघितलं होतं, नववीत असताना. पोरीचा बाप तिथंच उभा होता, कोकराला धरून. तो माणूस वाईट नाही. मेंढराच्या पायात काटा गेला तर ह्याच्या डोळ्यात पाणी येतं. पण बापापुढं त्याची जीभ टाळूला चिकटते, आणि मी आयुष्यभर त्याच्या जिभेची वाट बघत बसले.

दीड वर्ष पोरीनं खेळाचा नाद धरला तो धरलाच. अंगणात मेंढरं हाकताना तोंडात कबड्डी-कबड्डी-कबड्डी, श्वास तुटू न देता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हातारी सासू वैतागायची. "अगं ए, खुळी का काय तू? मेंढरं दचकत्यात!" मेंढरं दचकत नव्हती. ती तिच्यामागं रांगेनं जायची.

आठवीच्या सुरुवातीला आम्ही बीडला गेलो, मी, पोरगी आणि सर. मैदानावर सगळ्या तालुक्यांच्या पोरी. माझी पोरगी त्यांच्यात उंचीला मधली, अंगानं काटकी, हात तेवढे गुडघ्याला टेकलेले. पहिल्या चढाईत तिनं तीन जणी बाद केल्या. पांढरी टोपी घातलेले निवड करणारे एक साहेब होते, त्यांनी खुर्ची पुढं ओढली. मी कुंपणाच्या बाहेर उभी होते आणि तोंडात पदर कोंबला होता, कारण ओरडायला आलं होतं. खरं सांगते, लग्नात नाही, पोरगा झाला तेव्हा नाही, पण त्या दिवशी मला वाटलं की मी कुणीतरी आहे.

चार वाजता यादी लागली. तिसरं नाव तिचं. सरांनी माझ्यासमोर हात जोडले, मी सरांसमोर हात जोडले, आणि पोरगी आम्हा दोघांकडं बघून पोट धरून हसली. तिथंच गाड्यावर तिनं दोन वडापाव खाल्ले. "माय, पुण्याला थंडी असती का गं? स्वेटर लागंल का?" मी म्हणलं, लोकर आपल्याच घरची आहे, दहा विणते.

मग कागद तपासायला टेबलापुढं रांग लागली.

टेबलावरच्या माणसानं शाळेचा उतारा बघितला, आधार कार्ड बघितलं. आधारवर तीच तारीख, शाळेवरूनच काढलेलं. त्यानं बोटावर मोजलं. पुन्हा मोजलं. मग पेननं यादीतल्या तिसऱ्या नावापुढं काहीतरी लिहिलं. सर वाकून बघायला लागले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"एक जुलैला तेरा पूर्ण नकोत असा नियम हाय," तो माणूस म्हणाला. "हिला एक जूनला तेरा झाली. एका महिन्यानं गेली हो. वाईट वाटतं."

एका महिन्यानं! माझी पोरगी साडेअकरा वर्षांची होती. दीड वर्ष हातात होतं तिच्या. मी टेबलावर हात आपटला. "साहेब, ती तारीख खरी न्हाई! ती गुरुजींनी कानावरनं लिवलेली तारीख हाय!"

"कशावरनं?"

"कानावरनं."

मागच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. त्यांना वाटलं, बाई येडी आहे. मी पोरीला म्हणलं, दाखव गं साहेबाला. आणि तिनं, साडेअकरा वर्षांच्या पोरीनं, सगळ्या मैदानासमोर, हात डोक्यावरून नेऊन कान धरला. तिला वाटलं त्यानं काहीतरी होईल. यादीत तिच्या नावापुढं लिहिलं होतं, अपात्र, आणि कंसात वय.

येताना एसटीत ती खिडकीला डोकं लावून बसली. माजलगावच्या पुढं आल्यावर तिनं एकदाच विचारलं, "माय, तुला ठाऊक होतं ना गं मी चारची हाय म्हणून?"

"हो."

"मंग कावून लिवू दिलं?"

मी खरं सांगितलं. मेंढरांमागं चालून पाय दुखत होते म्हणून. मला वाटलं होतं तशी ती रडली नाही. मीच रडले, सिरसाळा येईपर्यंत, हुंदके देऊन, लोक बघत होते तरी.

सर म्हणाले, पंधरा दिवस आहेत, जन्माचा दाखला काढा, दाखला मिळाला की शाळेची तारीख दुरुस्त होते. मी दुसऱ्या दिवशी खिचडी दुसऱ्या बाईच्या हवाली केली आणि निघाले. आधी गेले गुरुजींकडं. ते निवृत्त होऊन घरी बसलेले. अंगणात तुळशीला पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं आणि म्हणलं, तेवढं लिहून द्या की तारीख अंदाजानं लावलती.

गुरुजींनी तांब्या खाली ठेवला. "बाई, असं लिहून दिलं तर मी लावलेल्या सगळ्याच पोरांच्या तारखा खोट्या होतील. किती पोरं, माहीत हाय का? कुणी फौजेत हाय, कुणी कंडक्टर हाय. त्यांचं काय करू?"

"अन् माझ्या पोरीचं काय करू?"

"त्या दिवशी तुमी नुसतं न्हाई म्हणला असता, तर मी लिहिलं असतं का?" हे ते रागानं नाही बोलले, हळू बोलले. निघताना शिव्या दिल्या मी त्यांना, दारातून, शेजारीपाजारी ऐकतील अशा. आता लाज वाटते. म्हातारा माणूस, ऐकून घेतलं बिचाऱ्यानं.

मग नदीकाठचं ते गाव. तिथल्या ग्रामपंचायतीत जुनं रजिस्टर उघडून बघितलं. काकूंच्या नातीची नोंद दवाखान्यातनं झालती, आमची कुठंच नाही. नोंद आढळली नाही, अशी चिठ्ठी दिली. मालकीणकाकू आता थकल्यात, पण साक्ष द्यायला जीपमध्ये बसून माझ्यासोबत तहसीलला आल्या, नातीचा दाखला पिशवीत घेऊन. तिथल्या बाबूसमोर त्यांनी पातेल्यातलं पाणीसुद्धा सांगितलं. बाबूनं सगळं ऐकलं. चांगला माणूस होता, खुर्ची दिली त्यानं काकूंना.

"आजी, हा तुमच्या नातीचा दाखला झाला. हिच्या पोरीचा पुरावा काय?"

"मी हाय की! माझ्या हातानं न्हाऊ घातलं."

"साक्ष बरोबर हाय. पण तारखेचा कागद पाहिजे. पोरीचा शाळेचा उतारा जोडा, म्हंजे उशिराची नोंद करून देतो."

मी म्हणलं, "साहेब, त्या उताऱ्यातच चूक हाय! ती काढायला तर दाखला मागायला आलो!"

"शाळा काय म्हणती?"

"शाळा म्हणती दाखला आना."

त्यानं पेन कानावर ठेवलं, उतारा जवळ घेतला, त्याला जोडलेल्या कागदाच्या खालच्या सहीवर बोट ठेवलं. शाळेत घालताना मी सही केलेल्या कागदाची ती नक्कल होती, सरांनी शाळेतून काढून दिलेली. "ही सही कुणाची?"

"माझी."

"मावशी, कायदा आईबापाचा शब्द मानतो. पोराला शाळेत घालताना दुसरा कुठला कागद नसला तरी तुमचा शब्द चालतो, तुमचा हक्कच हाय तो. पण एकदा दिलेला शब्द तुमाला माघारी घेता येत न्हाई. खोटं असंल तर कोर्टात जावं लागंल, आन् तिथं पहिलं हेच इचारतील, की खोटं कुणी लिहून दिलं?"

काकू माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं गुरुजींनी परस्पर लिहिलं. जीपमधून परत गेलो, उतरताना त्या म्हणाल्या, "सही येती म्हणून काय कुटंबी करायची का गं?"

पंधरा दिवस झाले. यादी पुण्याला गेली. तिसऱ्या नावाच्या जागी चौथं आलं.

त्यानंतर पोरीनं खेळ सोडला. सर म्हणत होते, मोठ्या गटात खेळ, सतरा वर्षांखालच्या पोरींत. गेली एकदा. आडदांड पोरींनी पकड करून तिचा खांदा निखळवला. महिनाभर हात गळ्यात बांधून फिरली. मग कोरोना आला, शाळाच बंद झाली. मेंढरं तेवढी चालू होती, ती त्यांच्यामागं जायला लागली, माझ्या जागी. अंगणातून मेंढरं न्यायची, पण तोंड बंद. त्या आवाजाची सवय झालेली, आम्हाला अंगण मुकं वाटायचं. सासूसुद्धा एकदा म्हणाली, पोरगी हल्ली काही बोलत नाही.

सासऱ्यांनी शब्द पाळला, एवढं म्हणावं लागेल. बारावीपर्यंत त्यांनी विषय काढला नाही. उलट सोयरीक चालून आली तर परत पाठवली. "मी कायद्यानं करनार," म्हणायचे. "मागच्या टायमाला पोलीस आलते दारात. आता अठरा पूर्ण झाल्याबिगर न्हाई." तलवाड्याकडचं एक घर त्यांनी ठरवून ठेवलं होतं. शेती, दोन म्हशी, पोरगा ट्रॅक्टर चालवतो. घर वाईट नव्हतं. जून कधी उजाडतो याची म्हातारा वाट बघत होता.

एक जूनला माझी लेक कागदावर अठराची झाली. त्या दिवशी ती सोळा वर्षं आणि पाच महिन्यांची होती.

मी पोरीच्या बापाला धरलं. म्हणलं, आता तरी बोला. तो मेंढराच्या अंगावरनं हात फिरवत राहिला. "काय बोलू? कागद हाय त्यांच्याकडं." मी म्हणलं, कागद खोटा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही नाळ कापायला विळा आणून दिलता! तो म्हणाला, "मंग तवा सही कावून केली?"

सगळ्यांना त्या सहीचंच पडलंय.

मी ग्रामसेवकाकडं गेले. बालविवाह थांबवायचं काम त्याचं असतं, हे मला शाळेत लावलेल्या कागदावरून माहीत होतं. लपून गेले, किराणा आणायचं सांगून. तरुण पोरगा होता, लगेच फाईल काढली, मी म्हणलं देव पावला. त्यानं शाळेतून उतारा मागवला. वाचला.

"मावशी, अठरा पूर्ण हाय की."

"न्हाई हो! दीड वर्षानं जास्ती लिवलंय. ह्याच तारखेनं तिला खेळातनं काढलं, आमी बोंबलून सांगितलं खोटी हाय म्हणून, कुणी ऐकलं न्हाई."

"तेच तर म्हंतो मी. तवा कुणी खोटी धरली न्हाई. आता मी कशी धरू?"

लग्नाच्या दिवशी तो आला, गाडीवरनं, पिशवीत कागद घेऊन. मी अजून एकदा आशा धरली, मूर्खासारखी. त्यानं मांडवाच्या कडेला उभं राहून सासऱ्यांकडचा उतारा आणि स्वतःकडचा उतारा ताडून बघितला. "पात्र हाय. अडचण न्हाई," म्हणाला. त्यानं अक्षता टाकल्या, पंगतीला बसला, बुंदी मागून घेतली. माझ्या थोरल्यानं करवल्याच्या मानानं नवरदेवाचा कान पिळला, तेव्हा सगळा मांडव हसला. मी त्या कानाकडं बघत होते. पोरगी खाली मान घालून बसलेली, हात कोपरापर्यंत हिरव्या चुड्यात, आणि चुडा भरूनही पुढं एवढा हात उरलेला.

हे सगळं कुणाला तरी सांगण्यासारखं आहे असं मला वाटत नव्हतं. अशा पोरी वस्तीवस्तीवर आहेत. पण यंदाच्या चैत्रात जे झालं ते माझ्या घशाखाली उतरत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला सातव्या महिन्यात आणलं. पाय सुजलेले, ओठ पांढरे. दोन दिवसांनी चक्कर येऊन चुलीजवळ पडली. जीप करून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रक्तदाब बघितला, पापण्या ओढून बघितल्या, मग पेन थांबवून पोरीच्या तोंडाकडं बघायला लागल्या.

"वय काय हिचं?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं.

डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढला आणि आवाज बारीक केला. "ताई, खरं सांगा. वाटत नाही मला अठराची. वय कमी असेल तर धोका जास्त असतो, तसं बघावं लागतं आम्हाला. आणि हेही आधीच सांगते, अठराच्या आतली असेल तर मला पोलिसांना कळवावंच लागेल. नियम आहे."

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते माणूस हेच होतं. कागद न बघता पोरीच्या तोंडाकडं बघणारं. बीडच्या टेबलावर ही बाई असती, तहसीलला असती, मांडवाच्या कडेला असती, तर मी तिच्या पायावर लोळण घेतली असती. सतरा वर्षं तीन महिने, एवढंच म्हणायचं होतं मला. पण म्हणलं असतं तर जावई आत गेला असता, चोवीस वर्षांचं पोर. पोरीचा बाप गेला असता. मी गेले तर गेले, पण पोरगी पोटुशी, आणि तिला तलवाड्याच्या त्या घरात परत कुणी उभं केलं नसतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात आलं.

पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात उतारा होता, माझ्या सहीच्या त्या नकलेसकट. आधारही होतं. मी सगळं काढून टेबलावर ठेवलं.

"अठरा पूर्ण हाय, बाई. येत्या एक जूनला एकोणीस."

"नक्की? तुम्ही आई ना हिच्या?"

"मीच हाय आई. माझीच सही हाय त्यावर, बघा."

त्यांनी बघितलं. मग लिहिलं. नर्सनं एक कागद पुढं केला, त्यावरही खाली छापलेलं होतं, वरील माहिती खरी आहे. मी सही केली.

खाटेवर पोरीला सलाईन लावली. हात खाटेबाहेर लोंबत होता, जवळजवळ जमिनीला. मी तो उचलून तिच्या पोटावर ठेवला. तिनं डोळे मिटलेले, मला वाटलं झोपली.

"माय," ती म्हणाली, "आता झाला का गं तो कागद खरा?"

"झाला, बाई," मी म्हणलं. "झाला."